गिऱ्हाइकाचा शब्द

मुंबईसारख्या मोठ्या शहरांत मनुष्याच्या सचोटीची परीक्षा कोठें होते, असें आम्हांस कोणीं विचारिलें, तर आम्ही कोर्टकचेरीकडे न वळतां सॅंडविचच्या टपरीकडे बोट दाखवूं. वाचकांस ह्याचें हसूं येईल, हें आम्ही जाणून आहों. परंतु फोर्टमधील कचेऱ्यांच्या गल्लींत, एखाद्या स्टेशनाबाहेर अथवा शाळेच्या कोपऱ्यावर, दुपारीं एकच्या सुमारास, अर्धी घटका नुसतें उभें राहून पाहावें, म्हणजे आमचें म्हणणें अगदींच वावगें नाहीं, असें दिसून येईल.

ह्या पदार्थाचें नांव परदेशी आहे. इंग्लंडांत केंट परगण्यांत सॅंडविच नांवाचें गांव आहे. त्या गांवाचा किताब धारण करणारे चौथे अर्ल जॉन माँटेग्यू (१७१८–१७९२) ह्यांच्यावरून तें पडलें. जुगाराच्या मेजावरून उठावें लागूं नये, म्हणून ते पावाच्या दोन कापांत मांस घालून मागवीत, अशी कथा आहे. जुगाराच्या नव्हे, कामाच्या मेजावर, असेंही कोणी म्हणतात. पाव आपल्याकडे आला तोही पोर्तुगीजांबरोबर. परंतु त्या कापांस लोणी व कोथिंबीर-मिरचीची हिरवी चटणी लावून, आंत उकडलेला बटाटा, बीट, काकडी, टोमॅटो, कांदा रचून, वर मसाला भुरभुरविण्याची करामत मात्र मुंबईची. अर्लसाहेबांनीं तें ओळखलेंही नसतें.

टपरीवाला हें सर्व आपल्या डोळ्यांदेखत करितो. लोणी लावणें, चटणी पसरणें, काकडीच्या चकत्या सुरीनें थेट पावावर पाडणें, लांब दांड्यांचा टोस्टर निखाऱ्यावर उलटसुलट करणें, आणि अखेरीस एकाचे सहा तुकडे करून ते बशींत सरकविणें, ह्यांत पडद्याआड असें कांहींच नाहीं. जैन गिऱ्हाईक आलें, तर न सांगतां कांदा-बटाटा वगळणारे टपरीवालेही आम्हीं पाहिले आहेत. मोठ्या हॉटेलांत आपण बंद दाराआडच्या स्वयंपाकघरावर विश्वास ठेवितों आणि बिल मात्र छापील मागतों. येथें सारें उलट आहे: करणी उघडी, आणि बिल मुळींच नाहीं.

बिल नाहीं म्हणजे काय, तें नीट समजून घेतलें पाहिजे. एका वेळीं दहाबारा माणसें सभोंवार उभीं असतात. कोणी साधें मागतो, कोणी टोस्ट. कोणास वर चीज किसून हवें असतें. एखादी मुलगी शेवटच्या तुकड्यावर आणखी चटणी मागते. टपरीवाल्याचे दोन्ही हात चटणीनें माखलेले. तो कोणाकोणाचें लक्षांत ठेवील? खाऊन झालें, कीं गिऱ्हाईक पुढें सरकतें, टपरीवाला मान वर न करितां विचारतो, “काय काय झालं?” गिऱ्हाईक सांगेल तेंच बिल. पुष्कळ ठिकाणीं तर नोट डब्यांत टाकून उरलेले पैसे गिऱ्हाइकानेंच उचलावयाचे असतात. बँकेंत असा कारभार एक दिवस तरी चालेल काय?

आम्हीच एकदां गाडीच्या घाईंत पैसे न देतां निघून गेलों. दादर येईपर्यंत तें ध्यानींही आलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं ओशाळून पैसे पुढें केले, तेव्हां टपरीवाला म्हणाला, “मला माहीत होतं, सर. तुमची गाडी सुटत होती.” म्हणजे आम्ही जात असतांना त्यानें पाहिलें होतें, आणि तरीही हांक मारिली नव्हती. चार माणसांदेखत हांक मारिली असती, तर पन्नास रुपये त्यास त्याच क्षणीं मिळाले असते. आमची मात्र काय शोभा झाली असती, ती सांगणें नको.

टपरीवाले सारे साधुसंत आहेत, असें आमचें म्हणणें नाहीं. भावाची पाटी न लावणें, नवख्या गिऱ्हाइकास न विचारतां लोणी व चीज वाढवून दाम वाढविणें, पाण्याविषयीं बेफिकिरी, हे अनुभव आम्हांसही आले आहेत. वर्तमानपत्राच्या कागदांत खाद्यपदार्थ देण्यास २०१८ च्या नियमांनीं बंदी झाली, कारण छपाईच्या शाईंतील द्रव्यें अन्नांत उतरतात; तरी तो कागद अद्यापि दिसतो. अशा वेळीं गिऱ्हाइकानें तेथल्या तेथें, तोंडावर, पण सौम्य शब्दांत बोलावें. आमच्या कोपऱ्यावरील टपरीवर वर्तमानपत्र जाऊन कागदी बशी आली, ती आठवींतील एका मुलीनें तसें विचारल्यामुळें. घरीं जाऊन नाकें मुरडणाऱ्या आम्हां मोठ्या माणसांमुळें नव्हे.

२०१६ सालीं यूपीआयची पद्धत सुरू झाली, आणि त्याच वर्षीं नोव्हेंबरांत पांचशें व हजारांच्या जुन्या नोटा रद्द झाल्यानंतर ती हळूहळू टपऱ्यांपर्यंत पोहोंचली. सुट्या पैशांची कटकट मिटली, हें खरें. गिऱ्हाईक क्यूआर कोडाच्या पाटीसमोर मोबाइल धरितें, पैसे धाडितें, आणि मोबाइलचा पडदा टपरीवाल्यास दाखवितें. माखलेल्या हातांनीं तो काय तपासणार? तो मान डोलवितो. अर्थात् हिशेब येथेंही गिऱ्हाइकाच्या सचोटीवरच राहिला. शब्दाच्या जागीं पडदा आला, एवढेंच.

आतां जें लिहावयाचें, तें लिहितांना लेखणी अडखळते. ह्या वर्षीं पावसाळ्यानंतर आमच्या शाळेच्या गणवेशांतील कांहीं मुलांनीं ह्या पडद्याचा गैरवापर केला. एकदां दिलेल्या पैशांचें चित्र मोबाइलांत जपून ठेविलें आणि तेंच पुनःपुन्हां दाखविलें. सहा सॅंडविच, म्हणजे तीनशें रुपये. रात्रीं हिशेब जुळेना, तेव्हां टपरीवाल्यानें आपल्या वहीचा व बँकेंतील जमेचा ताळा घालून पाहिला आणि प्रकार त्याच्या ध्यानांत आला. पुढल्या आठवड्यांत त्यानें टपरीवर बोलकी पेटी आणून ठेविली. पैसे जमा झाले, कीं ती ‘अमुक रुपये मिळाले’ असें मोठ्यानें सांगते. तिचें भाडें त्यास दरमहा भरावें लागतें. आणि त्याच दिवशीं त्यानें एक पाटी लाविली: शाळेच्या गणवेशांत उधार मिळणार नाहीं.

हें आम्हांस टपरीवाल्यानें येऊन सांगितलें नाहीं. सातवींतील एका मुलामुळें तें कळलें. त्याची आई पहाटेच कामावर जाते. डबा होत नाहीं. तो टपरीवर साधें सॅंडविच खाई आणि शनिवारीं आठवड्याचे पैसे एकरकमी देई. दोन वर्षांत त्याचा एक शनिवार चुकला नव्हता. तो मुलगा मधल्या सुटींत पाण्याच्या नळापाशीं एकटा उभा असलेला आम्हांस दिसूं लागला. विचारिलें, तर “भूक नाही, सर,” एवढेंच उत्तर. चौथ्या दिवशीं खरें काय तें बाहेर आलें.

आम्ही टपरीवर गेलों आणि त्या फसविणाऱ्या मुलांचीं नांवें विचारिलीं. तो म्हणाला, “नावं कशाला, सर? शर्ट सगळ्यांचे सारखेच.” मग लहान मुलाचा विषय काढला. “त्याला मी दोनदा हाक मारली. येत नाही. पाटी वाचतो आणि जातो.” आम्हीं त्याच्यासाठीं जामीन राहण्याची तयारी दाखविली, तेव्हां हात पुसून तो म्हणाला, “तुम्ही पैसे भराल, मला खात्री आहे. पण मग तो तुमच्या नावावर खाईल. आजपर्यंत स्वतःच्या नावावर खात होता.”

ह्यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें, आणि पाटी काढा असें म्हणण्याचा अधिकारही नव्हता.

‘मुलेंच तीं, आणि तीनशें रुपये ते काय,’ असें एका पालकांनीं आम्हांस म्हटलें. सहा सॅंडविचचे पैसे बुडाले, म्हणजे नुसता नफा बुडाला असें नव्हे. पाव, लोणी, भाजी, कोळसा हेंही टपरीवाल्याच्या पदरचें गेलें. तें भरून काढण्यास आणखी किती सॅंडविच विकावीं लागतील, हें अंकगणित आमच्या सहावीच्या मुलांसही करितां येईल. ज्या मोबाइलांतून हें घडलें, तो बहुधा घरांतील वडील माणसाचाच असणार. पालकांनीं तो मुलाच्या हातीं जरूर द्यावा. मात्र महिन्याकाठीं त्यांतील जमाखर्च त्याच्यासमवेत बसून एकदां वाचावा.

पेटी आली, आतां प्रश्न मिटला, असें आमच्या एका सहकाऱ्यांचें मत आहे. आम्हांस तें पटत नाहीं. “काय काय झालं?” हें विचारणें आतां बंद झालें आहे. पेटी बोलेपर्यंत टपरीवाला आपल्या तोंडाकडे पाहत राहतो. परवां नेटवर्क बंद पडून पेटी मुकी राहिली, तेव्हां केंस पिकलेले एक गृहस्थ पांच मिनिटें चोरासारखे तिष्ठत उभे होते. त्यांचा ह्यांत अपराध काय? त्यांनीं पैसे केव्हांच दिले होते. टपरीवाल्यास आम्ही दोष देत नाहीं. त्याच्या जागीं आम्ही असतों, तर पेटी कदाचित् आधींच आणली असती. परंतु दहा वर्षें ज्या शब्दावर त्याचा धंदा चालला, तो शब्द आमच्या गणवेशानें मोडला, हें आम्हांस गिळवत नाहीं.

चौकशी करावी, मुलांस एकेकटें बोलावून विचारावें, अशी सूचना शिक्षकांच्या बैठकींत आली होती. आम्हीं तिला विरोध केला. चौकशींत नांवें निघतील, पैसेही वसूल होतील; पण पाटी काढण्यास टपरीवाल्यास त्यांत काय कारण मिळणार? ज्यांनीं हें केलें, तीं मुलें हा अंक वाचतीलच. वहींतील तें पान त्यानें अद्यापि फाडलेलें नाहीं. त्यावर कोणाचें नांव नाहीं. ‘सहा’ एवढाच आंकडा आहे. टपरी सकाळीं अकरापासून उघडी असते. रोख पैसे दिले, तर पेटी बोलत नाहीं.