श्वासाची सोय करा, मग रेफर करा

मण्यार चावलेला माणूस दगावतो तो बहुधा श्वास थांबल्यामुळे. तिच्या विषाने मज्जातंतूंची टोके निकामी होतात, स्नायू लुळे पडतात, छाती हलेनाशी होते. ही टोके पुन्हा भरून येतात, पण त्याला कित्येक दिवस लागतात. झालेले नुकसान सर्पविषाची लसही उलटवत नाही. तेवढे दिवस श्वास बाहेरून देत राहिले, तर रुग्ण आपल्या पायांनी घरी जाऊ शकतो. तालुक्याच्या ठिकाणी भूलतज्ज्ञ म्हणून काम करताना मी हे पाहिले आहे. म्हणूनच वाटेत निळा पडलेला रुग्ण आला की जीव तुटतो.

गेल्या पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या एका मुलीला मण्यार चावली. दंशाची खूण दिसत नव्हती. मण्यारीची बऱ्याचदा दिसतच नाही. पोटात दुखते म्हणून आधी ॲसिडिटीची गोळी मिळाली. पापण्या मिटू लागल्यावर एका दवाखान्याने सलाइन लावून तिला जीपने आमच्याकडे धाडले. "मॅडम, घाटात तिला थुंकी गिळता येईना," आई सांगत होती. श्वासनलिकेत नळी टाकायची वेळ तीच होती. मान उचलत नाही, एका दमात वीसपर्यंत आकडे म्हणता येत नाहीत, तोंडात लाळ साचते, एवढे पुरे. बोटाला लावलेल्या यंत्रावरचा ऑक्सिजनचा आकडा उशिरा पडतो. त्याची वाट पाहू नये.

नळी टाकली तेव्हा तिची बुबुळे विस्फारलेली होती. "आता काय राहिलंय?" एक नातेवाईक म्हणाले. पण शरीर लुळे पडले तरी ती शुद्धीत होती. ते तिने ऐकले होते, हे तिनेच आम्हाला बरी झाल्यावर सांगितले.

यंत्र नसले तरी श्वास हाताने देता येतो. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली, तेव्हा श्वासाची यंत्रे अपुरी होती. ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने श्वासनलिकेला दिलेल्या छेदातून नळी बसवली आणि हाताने पिशवी दाबून श्वास दिला. पुढे सुमारे १५०० विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून पिशव्या दाबल्या आणि मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून खाली आले.

व्हेंटिलेटर नाही म्हणून रुग्ण पुढे पाठवणे मी समजू शकते. श्वासाची सोय न करता पाठवणे मला मान्य नाही. पावसाळ्याआधी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर आणि नर्सकडून अँब्यू बॅगचा, म्हणजे हाताने दाबून श्वास देण्याच्या पिशवीचा, सराव करून घ्यावा. आणि नातेवाइकांनो, पापण्या जड झालेल्या रुग्णाला पुढे न्यायला सांगितले, तर गाडीत ती पिशवी आणि ती दाबता येणारा माणूस मागून घ्या.