चुली वेगळ्या, बांध एक

डच माणूस म्हटला की आपल्याला ट्यूलिपची फुले आठवतात, पवनचक्क्या आठवतात आणि कोकणातल्या वाचकाला फार तर सतराव्या शतकातली वेंगुर्ल्याची डच वखार. त्यापुढे आपली गाडी सहसा जात नाही. मला मात्र या लोकांची गोडी लागली ती त्यांच्या भांडणांमुळे. ज्यांचे आपसात पटत नाही अशी माणसे एका राज्यात कशी नांदतात, हा प्रश्न ज्याला पडतो त्याने नेदरलँड्स आणि बेल्जियम हे दोन शेजारी एकत्र अभ्यासावेत.

आधी नेदरलँड्स घेऊ. विसाव्या शतकात निदान १९६० पर्यंत हा देश म्हणजे एक मोठा वाडाच होता. कॅथलिक, प्रॉटेस्टंट आणि समाजवादी, साऱ्यांचे बिऱ्हाड वेगळे. कॅथलिक मुलाने कॅथलिक शाळेत जायचे, मोठेपणी कॅथलिक वर्तमानपत्र वाचायचे, कॅथलिक संघटनेची वर्गणी भरायची आणि रेडिओही आपल्याच मंडळींचा ऐकायचा. १९५४ साली तर तिथल्या बिशपांनी फर्मान काढले की, समाजवादी कामगार संघटनेत जाल किंवा त्यांचा रेडिओ नेमाने ऐकाल, तर धर्मसंस्कारांना मुकाल! या वेगवेगळ्या बिऱ्हाडांना डच लोक ‘खांब’ म्हणत. छप्पर एक, खांब निरनिराळे.

मग मारामाऱ्या का झाल्या नाहीत? कारण खालची माणसे एकमेकांच्या वाऱ्याला उभी राहत नसली, तरी वरचे पुढारी एका टेबलाशी बसत. १९१७ साली त्यांनी मोठा सौदा केला. धार्मिक पक्षांना हवे होते ते मिळाले: त्यांच्या शाळांना सरकारी शाळांइतकेच अनुदान. इतरांना सर्व पुरुषांना मताधिकार मिळाला. स्त्रियांना तो १९१९ साली लाभला. आरेंड लाइपहार्ट या डच पंडिताने १९६८ साली या तडजोडीच्या राजकारणावर ग्रंथ लिहिला आणि पुढे १९९६ साली तीच मोजपट्टी घेऊन भारताच्या लोकशाहीचाही अभ्यास केला.

पण टेबलाशी बसण्याची ही सवय आली कोठून? माझे मत विचाराल तर थोडे श्रेय समुद्राला द्यावे लागेल. या देशाची सुमारे चतुर्थांश जमीन समुद्रसपाटीच्या खाली आहे. बांध आणि कालवे सांभाळणारी पाणीमंडळे तेराव्या शतकापासून आहेत, म्हणजे आजच्या राज्यापेक्षा कितीतरी जुनी. आजही अशी २१ मंडळे आहेत. ती स्वतःचा कर बसवतात आणि त्यांच्या निवडणुकाही होतात. बांध फुटला की पाणी कॅथलिकाचे घर कोणते आणि प्रॉटेस्टंटाचे कोणते हे विचारीत नाही. १ फेब्रुवारी १९५३ च्या पहाटे ते असेच आले आणि १,८३६ माणसे दगावली.

अर्थकारणातही तीच रीत. १९५० साली मालक, कामगार आणि तज्ज्ञ यांचे सल्लागार मंडळ स्थापन झाले. १९८२ साली बेकारी वाढत असताना वासेनार या गावी करार झाला: कामगार संघटनांनी पगारवाढीचा आग्रह सोडला, मालकांनी कामाचे तास कमी करण्याची तयारी दाखवली. कामगारांच्या बाजूने सही करणारे विम कॉक पुढे १९९४ साली पंतप्रधान झाले. समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीला डच लोक ‘पोल्डर’ म्हणतात. या समेटाच्या पद्धतीलाही त्यांनी तेच नाव दिले.

आता शेजारी चला. बेल्जियमचा उत्तर भाग डच बोलतो, दक्षिण भाग फ्रेंच. भाषेचा सीमावाद काय असतो हे मराठी वाचकाला सांगायला नकोच! लुव्हेनचे जुने विद्यापीठ डच भागात. तेथून फ्रेंच शाखा हलवावी म्हणून १९६८ साली एवढी रणधुमाळी झाली की सरकार कोसळले. विद्यापीठ दुभंगले आणि ग्रंथालयही वाटले गेले: विषम क्रमांकांची पुस्तके एकाकडे, सम क्रमांकांची दुसऱ्याकडे. भावाभावांनी रामायणाची कांडे वाटून घ्यावीत, तसेच हे. पुढे २०१०-११ मध्ये नवे सरकार जमायला ५४१ दिवस लागले. तरी रक्त सांडले नाही, हेही खरे. वाटणीसुद्धा त्यांनी चर्चेनेच केली, आणि दोघांनाही हवे असलेले ब्रसेल्स कुणालाच सोडवेना.

डच तोडग्याचीही किंमत होती. पुढारी भेटत होते, शेजारी मात्र अनोळखी राहत होते. १९६० नंतर तरुणांनाच त्या भिंती नकोशा झाल्या. ‘फोल्क्सक्रांट’ या पत्राने १९६५ साली आपल्या नावाखालचा ‘कॅथलिक’ शब्द काढून टाकला. खांब गेले, तरी समेट सोपा झाला नाही. १९१८ पासून तिथे एकाही पक्षाला एकट्याच्या बळावर बहुमत मिळालेले नाही आणि २०२१ च्या निवडणुकीनंतर मंत्रिमंडळ बनायला २९९ दिवस गेले.

या अभ्यासातून मी एवढेच घेतले: एकत्र नांदायला एकमेकांवर प्रेम जडावेच लागते असे नाही. चुली वेगळ्या असल्या तरी चालते. पण सर्वांना मिळून राखावा लागतो असा एखादा बांध हवा, आणि तो रोज डागडुजी मागतो याची आठवणही हवी. आपल्या चाळीचा, गावाचा, राज्याचा असा बांध कोणता, हे दिवाळीच्या फराळाला सगळे घर जमेल तेव्हा एकमेकांना विचारून पाहा. उत्तरांवरून वाद झालाच, तर फराळाचे ताट मात्र एकच ठेवा!