तीन महिने, आणि पुढे?

इंदूरला वैद्यकीय शिक्षणाची दीर्घ परंपरा आहे. १८७८ मध्ये येथे वैद्यकशाळा निघाली, १९४८ मध्ये आजचे महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तरीही झाबुआ, अलीराजपूर, बडवानीकडील रुग्ण अत्यवस्थ झाला की नातेवाईक इंदूरचीच वाट धरतात. डॉक्टर आपण घडवतो, पण ते तेथे टिकत नाहीत.

यावर शासनाचा जुना उपाय म्हणजे सेवाबंधपत्र. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१९ मध्ये ते वैध ठरवले. परंतु बंधपत्राने माणूस हजर होतो, रमत नाही. त्या मानाने सप्टेंबर २०२० मध्ये अधिसूचित झालेली जिल्हा निवासी योजना अधिक विचारपूर्वक आखलेली आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्याने तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सत्रात तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करावयाचे. येथे ग्रामसेवा ही शिक्षा नसून अभ्यासक्रमाचा भाग आहे.

विद्यार्थ्यांची तक्रार असते की, ऐन शिकण्याच्या काळातील तीन महिने वाया जातात. ती सर्वस्वी चुकीची म्हणता येणार नाही. रिकाम्या जागेवर रात्रपाळी भरण्यासाठीच निवासी डॉक्टर वापरला जात असेल, तर ते शिक्षण नव्हे. माझ्या उमेदवारीच्या काळात एका जिल्हा रुग्णालयात मध्यरात्री अडलेली बाळंतीण आली. भूलतज्ज्ञ नव्हता, रक्त नव्हते, विचारावे असे कोणी ज्येष्ठही नव्हते. तिला पुढे पाठवताना वाटलेली असहायता मी विसरलेलो नाही. तेथे परत जावेसे मला का वाटले नाही, याचे उत्तर त्या रात्रीत आहे.

म्हणून तीन महिन्यांवर थांबून चालणार नाही. २०२० मध्येच राष्ट्रीय परीक्षा मंडळाने एमबीबीएसनंतरचे दोन वर्षांचे पदविका अभ्यासक्रम सुरू केले. भूलशास्त्र, स्त्रीरोग, बालरोग यांचे शिक्षण जिल्हा रुग्णालयातच मिळू शकते. दोन वर्षांत डॉक्टरला तेथील भिली, निमाडी बोली कळू लागते, माणसे ओळखीची होतात. मात्र शिकवणारा ज्येष्ठ, रक्तपेढी आणि राहण्याजोगे घर, या तीन गोष्टी आधी हव्यात.

पहिल्या गोष्टीत आपणही हातभार लावू शकतो. आपल्या मंडळातील निवृत्त सभासदांनी महिन्यातून दोन दिवस शेजारच्या जिल्ह्यात शिकवण्यासाठी द्यावेत. मध्यरात्री दूरध्वनीवर सल्ला देणारा एक वडीलधारा आवाज असला, तरी तरुण डॉक्टरचा पाय तेथे स्थिरावेल. शासनाने दार उघडले आहे. आत दिवा लावण्याचे काम आपले आहे.