कुलपातलं धन बघायचं कुणी?

मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत इटालियन कवी दान्तेच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’चं चौदाव्या शतकातलं हस्तलिखित आहे. एरवी ते कुलपात असतं, कधीमधी लोकांना बघायला बाहेर काढतात. मग पेपरात फोटो येतो आणि त्याखाली हमखास ती गोष्ट, की मुसोलिनीनं म्हणे ते दहा लाख पौंडांना मागितलं होतं आणि सोसायटीनं दिलं नाही. आपण ‘अगं बाई, दहा लाख!’ म्हणतो आणि पान उलटतो. किंमत कळते, वस्तू कळतच नाही.

ही नुसती गमतीची गोष्ट नाही, मैत्रिणींनो. ५ जानेवारी २००४ ला पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संस्थेवर जमाव चालून गेला. राग होता एका परदेशी लेखकाच्या पुस्तकावर, नासधूस झाली ती पोथ्या-पुस्तकांची न्‌ कपाटांची. १९१७ साली निघालेली ही संस्था. महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचं काम हिनं १९१९ ते १९६६ एवढी वर्षं केलं. इथल्याच ऋग्वेदाच्या ३० पोथ्या २००७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती यादीत गेल्या. आत काय आहे, हे त्या जमावातल्या किती जणांनी कधी पाहिलं असेल? जे आपलं आहे हेच माहीत नाही, ते मोडताना हात कसा थांबणार?

आणि आपण तरी कुठे पाहिलंय! आमच्या आंबीच्या बचत गटाची सहल नारायणपूरला जाते, जेजुरीला जाते. भांडारकरला जाऊ म्हटलं, तर पहिला प्रश्न आला, ‘आपल्याला आत सोडतील का?’

उजेडानं, दमटपणानं, हाताळण्यानं जुना कागद खराब होतो, हे खरंच. मावळच्या पावसात गोधड्यांनासुद्धा वास धरतो. म्हणून तर पोथ्या कापडात घट्ट बांधून वेखंड घालून ठेवायचे. आपण इंद्रायणी तांदळात कडुलिंबाचा पाला घालतो, तसंच. तेव्हा बारा महिने उघडं ठेवा असं कोण म्हणतंय? वर्षातून चार दिवस काचेआड मांडा, पण पाट्या सोप्या मराठीत लावा आणि सांगायला माणूस उभा करा. शाई काजळ आणि डिंकाची असायची, एवढं जरी सांगितलं, तरी घरी काजळ धरलेली बाई तिथं थांबेल.

शिवाय मांडायचंच, तर जे आमच्या आज्यांनी कधी कागदावर लिहिलं नाही, तेही मांडा की. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी मुळशी-मावळच्या डोंगरी गावांतून आणि पुढे राज्यभरातून जात्यावरच्या लाखावर ओव्या गोळा केल्या, गाणाऱ्या बाईच्या नावागावासकट. आता त्यातल्या काही ‘पारी’च्या संकेतस्थळावर ऐकता येतात. पोथीशेजारी त्या ऐकवायला एक टेबल आणि एक स्पीकर लागेल, फार तर.