आमच्यामागे कोण?

बौद्धिक अक्षमता असलेल्या अपत्याच्या आईवडिलांनी साठी ओलांडली की एकच चिंता त्यांना पोखरू लागते : आमच्यामागे याचे कोण? भावंड नाही, किंवा असलेच तर ते अमेरिकेत, अशा घरांना निवासी संस्थेचाच आधार शोधावा लागतो. तेथे बहुधा मिळते ते प्रतीक्षायादीतील एक स्थान.

ही यादी रुग्णालयाच्या यादीसारखी सरकत नाही. रुग्णालयातील खाट आठवड्यात रिकामी होते. येथे विशीत आलेला साठीपर्यंत राहतो. आयुर्मान वाढले, ही आनंदाचीच गोष्ट. अमेरिकेत डाऊन सिंड्रोम असलेल्या व्यक्तीचे सरासरी आयुष्य १९८३ मध्ये २५ वर्षे होते, आज ते ६०च्या आसपास आहे. पूर्वी आईवडिलांच्या हयातीतच संपणारी जबाबदारी आता त्यांच्या पश्चात उरते. आपली व्यवस्था मात्र अजून 'बालगृहा'पाशीच थबकलेली. 'मतिमंद' जाऊन 'दिव्यांग' आले, पाटी बदलली, एवढेच.

अचलपूर तालुक्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी याच भिंतीशी झुंज दिली. बेवारस, मतिमंद, मूकबधिर मुलांना त्यांनी आपले नाव दिले. कायद्याने बालगृहाची मर्यादा अठरा वर्षांची. पुढे अनुरक्षण एकविसाव्या वर्षापर्यंत. ज्याला जन्मभर हात धरून जेवू घालायचे, त्याचे तीन वर्षांत काय होणार? बाबांनी आजन्म पुनर्वसनाचा कायदा मागितला. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाकडे बोट दाखविणारेही भेटतात. हा घोर गैरसमज आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने बौद्धिक अक्षमता मनोविकाराच्या व्याख्येतून स्पष्टपणे वगळली आहे. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हास्तरीय समिती कायदेशीर पालक नेमते. पण कागदावरील पालक म्हणजे डोक्यावरचे छप्पर नव्हे. संस्थासंस्थांच्या वह्यांत विखुरलेली नावे याच समितीने एकत्र करून प्रसिद्ध करावीत. त्यावाचून जिल्ह्याला किती जागा हव्यात, हे कसे ठरणार?

भारतीय कुटुंबव्यवस्थेचा आपण सार्थ अभिमान बाळगतो. परंतु तीन माणसांच्या कुटुंबावर सारा भार टाकून समाजाने मोकळे होणे, हा त्या व्यवस्थेचा गौरव नव्हे. मुले परदेशी स्थायिक झाल्याने कुलूप लागलेली घरे नागपूरच्या ले-आउटांत कमी नाहीत. अशा एका घरात आठ-दहा जणांचा निवास, शिक्षित काळजीवाहक आणि शेजाऱ्यांची ये-जा एवढ्याने आरंभ होऊ शकतो. अशा घरांचा मालमत्ता कर महापालिकेने माफ केला, तर देणारे हात पुढे येतील.