डोळे आले, की डोळ्याला जखम झाली?

२०२३च्या जुलै-ऑगस्टमध्ये राज्यभर डोळे येण्याची साथ पसरली. सर्वाधिक रुग्ण वऱ्हाडातल्या बुलढाणा जिल्ह्यात होते. अकोला-अमरावतीतही घराघरांत लाल डोळे दिसत होते. अशी साथ बहुधा विषाणूंमुळे येते आणि विषाणूंवर अँटिबायोटिक थेंब चालत नाहीत. थंड पाण्याच्या पट्ट्या, वारंवार हात धुणे आणि वेगळा टॉवेल, एवढ्यावर बहुतेकांचे डोळे एक-दोन आठवड्यांत बरे होतात.

खरा धोका आहे मेडिकलमधून परस्पर आणलेल्या स्टेरॉइडच्या थेंबांचा. त्यांनी लाली झटकन उतरते, त्यामुळे औषध लागू पडल्यासारखे वाटते. पण कपाशी-तुरीत काम करताना काडी किंवा पान लागून बुबुळावर बुरशीचा संसर्ग झाला असेल, तर हेच थेंब तो वाढवतात. नजरही जाऊ शकते. फवारणीचे औषध उडाल्यास डोळा लगेच स्वच्छ पाण्याने किमान १५ मिनिटे धुवावा आणि रुग्णालय गाठावे.

तीव्र वेदना, अंधूक दिसणे, उजेड सहन न होणे किंवा बुबुळावर पांढरा ठिपका यांपैकी एकही लक्षण दिसले, तर ‘साथच आहे’ म्हणून थांबू नये. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे.