प्रयोगशाळेचा शिक्का म्हणजे सत्य नव्हे!

डीएनए जुळला म्हणजे आरोपी दोषीच, असे आता सगळ्यांनी गृहीत धरले आहे. पोलीस पत्रकार परिषदेत तसे सांगतात, वर्तमानपत्रे तसेच छापतात आणि न्यायालयेही अनेकदा त्या अहवालापुढे मान तुकवतात. आम्ही विज्ञानाचे विरोधक नाही. तपासल्याशिवाय काहीही स्वीकारू नका, हे तथागताने शिकवले ते आम्ही विसरलेलो नाही. म्हणूनच विचारतो, मुद्देमालाचे सील कोणी लावले, तो इतके दिवस कुठे पडून होता, हे कोणीच सांगू शकत नसेल तर त्यातून निघालेल्या अहवालाला विज्ञान म्हणायचे कशाला?

भाईंदरचे प्रकरण पाहा. जून २०१० मध्ये सहा वर्षांच्या बालिकेवर अत्याचार करून तिचा खून करण्यात आला. एका इसमाला अटक झाली. सत्र न्यायालयाने २०१४ मध्ये त्याला फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ती कायम केली. खटल्याचा मोठा आधार होता डीएनए अहवाल. १९ मे २०२३ रोजी न्या. भूषण गवई, न्या. विक्रम नाथ आणि न्या. संजय करोल यांच्या सर्वोच्च न्यायालयातील पीठाने त्याची निर्दोष मुक्तता केली. नमुने प्रयोगशाळेकडे पाठवायला उशीर झाला होता आणि त्याचे कारण कोणी दिले नव्हते. त्या काळात नमुने निर्भेळ राहिले याची खात्री नव्हती. आरोपीची कायद्याने सांगितलेली वैद्यकीय तपासणीच झाली नव्हती. आणि आरोपीचे म्हणून जे निवेदन नोंदवले गेले ते मराठीत होते, त्याच्या भाषेत त्याला वाचून दाखवलेले नव्हते! एवढ्या पुराव्यावर एक माणूस वर्षानुवर्षे फाशीची वाट पाहत बसला. आणि त्या चिमुकलीला तरी न्याय मिळाला का? निष्काळजी तपासाने दोघांचाही घात केला.

असे कोणाच्या वाट्याला येते? नाशिकजवळ जून २००३ मध्ये एका कुटुंबातील पाच जणांची हत्या झाली. भटक्या जमातीतील सहा मजुरांना पकडले गेले. वाचलेल्या साक्षीदार महिलेने पोलिसांच्या अल्बममधून चार वेगळ्याच गुन्हेगारांचे फोटो ओळखले होते. त्यांच्यावर आरोपपत्र झाले नाही. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांच्या फाशीवर शिक्कामोर्तब केले. पुढे निष्पन्न झाले की त्यातील एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता! ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सर्वांना निर्दोष ठरवले. हे समाजाच्या खालच्या थरातील अत्यंत गरीब मजूर आहेत, त्यांना खोटे गोवले गेल्याची शक्यता नाकारता येत नाही, असेही म्हटले. गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली रद्द झाला, पण पोलीस ठाण्याच्या डोक्यातून तो गेलेला नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ मध्ये फाशीच्या कैद्यांचा अहवाल काढला. त्यातील ७४.१ टक्के आर्थिकदृष्ट्या दुर्बल होते आणि ७६ टक्के मागासवर्गीय वा धार्मिक अल्पसंख्याक. संशय आधी वस्तीवर येतो, नमुना नंतर घेतला जातो.

मध्यंतरी नार्कोचा तमाशाही झाला. माणसाला औषध टोचून त्याच्या तोंडून गुन्हा वदवायचा, याला शास्त्र म्हणत होते. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा सक्तीच्या चाचण्या घटनाबाह्य ठरवल्या.

आमचे काही कार्यकर्ते विचारतील, आरोपींची एवढी काळजी कशाला? त्यांनी खैरलांजी आठवावी. २९ सप्टेंबर २००६ च्या त्या हत्याकांडात पहिले शवविच्छेदन इतके बेफिकिरीने उरकले की मृतदेह पुन्हा उकरून काढावे लागले. बलात्काराचा आरोप आणि अत्याचार प्रतिबंधक कायदा, दोन्ही न्यायालयात टिकले नाहीत. ज्या हलगर्जीपणाने निरपराध फासापर्यंत जातो, त्याच हलगर्जीपणाने आमच्या माणसांचे मारेकरी सुटतात.

राज्यातील न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा गृहखात्याच्या हाताखाली आहेत आणि पोलीसही त्याच खात्याचे. म्हणजे तपास करणारा आणि तपासाची पारख करणारा एकाच मालकाचे नोकर! त्यात ठराविक सरकारी तज्ज्ञांचा अहवाल, तज्ज्ञाला पिंजऱ्यात न बोलावताही पुरावा म्हणून वापरण्याची सोय फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २९३ मध्ये होती. नव्या नागरिक सुरक्षा संहितेने तीच कलम ३२९ मध्ये ठेवली. ज्याच्याकडे चांगला वकील आहे तो तज्ज्ञाला उलटतपासणीसाठी बोलावून घेईल. विधी सेवेतून मिळालेल्या, कागद आदल्या रात्री हाती पडलेल्या वकिलाचे काय?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या या संहितेने सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत घटनास्थळी न्यायवैद्यक तज्ज्ञ नेणे बंधनकारक केले आणि त्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत दिली. चांगले आहे. पण तज्ज्ञ सरकारचा आणि आरोपी रिकाम्या हातांचा, हे गणित त्याने बदलत नाही. अटकेतील माणसाला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क संविधानात यावा म्हणून १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतः घटना समितीत तरतूद मांडली. आजचे कलम २२ ते हेच. आज वकिलाबरोबर डीएनएचा अहवाल वाचणारा तज्ज्ञही हवा, आणि तोही सरकारी खर्चाने. प्रयोगशाळा गृहखात्यातून बाहेर काढा, ही मागणी आपल्या आमदार-खासदारांनी सभागृहात लावून धरली पाहिजे.

नाशिकच्या त्या सहा जणांना राज्य सरकारने प्रत्येकी पाच लाख रुपये द्यावेत, असा आदेश झाला होता. सोळा वर्षांच्या कैदेवर ते वाटून पाहा. दिवसाला पंच्याऐंशी रुपये पडतात.